एका आयन चॅनेलची उघडझाप: रेकॉर्डिंगपासून दरांपर्यंत, पायरी पायरीने

पेशीपटलातलं एक प्रथिन उघडतं, आयन वाहू लागतात. ते मिटतं, प्रवाह थांबतो. पिपेटीच्या, म्हणजे बारीक काचेच्या नळीच्या, टोकाखाली असं एकच चॅनेल सापडलं तर पडद्यावर चौकोनी पायऱ्या उमटतात. पायरीची उंची जवळपास ठरलेली, रुंदी मात्र दर वेळी वेगळी. जिवंत पेशीच्या पटलातल्या अशा पायऱ्या एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर पहिल्यांदा दाखवल्या, आणि १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं. पायरी असते काही पिकोअँपिअरची. एक पिकोअँपिअर म्हणजे एकेरी भाराचे सुमारे ६२ लाख आयन दर सेकंदाला. एकाच रेणूची हालचाल, ती घडत असतानाच, इतकी थेट दाखवणाऱ्या पद्धती विज्ञानात मोजक्याच आहेत.

ज्यांच्या हातात पहिलंवहिलं रेकॉर्डिंग आलंय आणि आता त्याचं पुढे काय करायचं असा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पिपेट कशी ओढायची, सील (पिपेटीचं टोक आणि पेशीपटल यांचा घट्ट जोड) कसं धरायचं, हे इथे नाही. घातांकी फलन आणि सरासरी एवढं गणित येत असेल तर पुरेसं आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह मांडतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्याशी बांधलेली आहे. या कामात जे दिसलं त्याच्याइतकाच जे दिसलं नाही त्याचा हिशेब ठेवावा लागतो. चॅनेलची बरीच उघडझाप इतकी झटपट होते की फिल्टरमधून ती निसटून जाते, आणि निसटलेल्या या घटना हाती उरलेल्या आकड्यांचा अर्थच बदलून टाकतात.

आधी हे पक्कं करा: चॅनेलला आठवण नसते

एखाद्या अवस्थेत असलेलं चॅनेल पुढच्या क्षणी ती सोडेल याची शक्यता, ते तिथे किती वेळ थांबलंय यावर अवलंबून नसते. आताच उघडलेलं असो की दहा मिलिसेकंद उघडं असलेलं, पुढच्या मायक्रोसेकंदात मिटण्याची शक्यता तेवढीच. एवढं एक गृहीत धरलं की त्या अवस्थेतला मुक्काम घातांकी वितरण पाळतो. सरासरी मुक्काम, ज्याला आपण टाऊ म्हणतो, तो असतो १ भागिले बाहेर पडण्याच्या सगळ्या दरांची बेरीज. उघड्या अवस्थेतून बाहेर जायच्या दोन वाटा असतील, एक सेकंदाला ३०० दराची आणि दुसरी २०० दराची, तर टाऊ १/५०० सेकंद, म्हणजे २ मिलिसेकंद.

या वितरणाचा स्वभाव अंगवळणी पडायला हवा. टाऊ २ मिलिसेकंद असेल तर निम्मे मुक्काम १.४ मिलिसेकंदांपेक्षा छोटे असतात. साधारण दर दहांत एक ०.२ मिलिसेकंदांपेक्षाही छोटा. दुसऱ्या टोकाला, हजारात सहा-सात मुक्काम १० मिलिसेकंदांच्याही पुढे जातात. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये एक लांबलचक उघड आणि शेजारी एक निमुळती सुई दिसली, की लगेच ‘दोन प्रकारच्या उघडी आहेत’ असं म्हणू नका. एकाच अवस्थेतून दोन्ही येऊ शकतात. नजरेने दोन गट पाडण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. वितरण बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

उघड्या अवस्था एकाहून जास्त असतील तर मुक्कामांचं वितरण अनेक घातांकी घटकांची बेरीज होतं. तीन घटक दिसले तर त्या गटात कमीत कमी तीन अवस्था आहेत एवढं खात्रीने सांगता येतं. जास्तही असू शकतात. आणि एक सावधगिरी: बंद अवस्था एकमेकींना जोडलेल्या असतील तर प्रत्येक टाऊ म्हणजे एकेका अवस्थेचं आयुष्य, असं समीकरण मांडता येत नाही. सगळे दर एकमेकांत मिसळून ते टाऊ तयार होतात. ‘दुसरा टाऊ म्हणजे दुसरी अवस्था’ असं वाक्य लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

रेकॉर्डिंगची पारख

विश्लेषणाला बसण्याआधी रेकॉर्डिंग त्या लायकीचं आहे का ते बघायचं. पहिली तपासणी सीलची. सील जितकं घट्ट तितका त्याचा रोध जास्त, आणि रोध जास्त तितका औष्णिक नॉईज कमी. १० किलोहर्ट्झच्या बँडविड्थला (नोंदीत येऊ दिलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याला) १०० मेगओमचं सील एकटंच सुमारे १.३ पिकोअँपिअर आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) नॉईज देतं. १० गिगाओमचं सील देतं ०.१३. मोजायची पायरीच जर २ पिकोअँपिअरची असेल तर पहिल्या सीलसोबत तुम्ही काहीही करू शकणार नाही. १९८० च्या आसपास गिगाओम सील साधलं आणि हे क्षेत्र खऱ्या अर्थाने खुलं झालं, ते याचमुळे.

दुसरी तपासणी फिल्टरची. मुळातलं रेकॉर्डिंग शक्य तितक्या रुंद बँडविड्थला साठवा. घट्ट फिल्टर नंतर संगणकात लावता येतो, पण एकदा गाळून टाकलेलं परत मिळत नाही. रेकॉर्डिंगला बेसेल आणि नंतरच्या डिजिटल गाळणीला गॉसियन फिल्टर वापरा. बटरवर्थ टाळा, कारण तो पायरीच्या कडेला हेलकावे आणतो आणि ते हेलकावे उंबरठा ओलांडून खोट्या घटना बनतात. सॅम्पलिंग शेवटच्या फिल्टरच्या कट-ऑफच्या, म्हणजे ज्या वारंवारतेच्या वरचं फिल्टर गाळतो तिच्या, दहापट तरी असावं.

दोन फिल्टर एकामागोमाग लागले की एकत्रित कट-ऑफ दोघांपेक्षा खाली येते. हिशेब सोपा आहे: प्रत्येक कट-ऑफच्या वर्गाचा व्यस्त घ्या, बेरीज करा, तिचा व्यस्त काढून वर्गमूळ घ्या. १० किलोहर्ट्झचा ॲनालॉग आणि ४ किलोहर्ट्झचा डिजिटल मिळून ३.७ किलोहर्ट्झ होतात. पुढचे सगळे आकडे या ३.७ वरून काढायचे, ४ वरून नव्हे.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. उघड्या मुक्कामांची, बंद मुक्कामांची आणि उघडं राहण्याच्या संभाव्यतेची चालती सरासरी काढून ती काळाप्रमाणे आखा. आलेख एका बाजूला घसरत असेल, किंवा मधूनच नवी पातळी धरत असेल, तर चॅनेलची वागणूक बदलली आहे आणि सगळं एका पिशवीत भरून चालणार नाही. स्थिर तुकडा निवडा, बाकीचं बाजूला ठेवा, आणि काय बाजूला ठेवलं ते लिहून ठेवा.

चॅनेल खरंच एकच आहे का?

या प्रश्नाचं उत्तर संभाव्यतेवर ठरतं. पॅचमध्ये, म्हणजे पिपेटीखालच्या पटलाच्या तुकड्यात, दोन चॅनेल असतील आणि प्रत्येक निम्मा वेळ उघडं असेल, तर एकूण वेळाच्या पाव भागात दोन्ही एकदम उघडी दिसली पाहिजेत. मिनिटभरात एकदाही दुप्पट उंचीची पायरी आली नाही, तर चॅनेल एकच आहे असं निर्धास्त म्हणा. पण प्रत्येक चॅनेल वेळाच्या फक्त शंभराव्या भागात उघडं असेल, तर दोन्ही एकदम उघडी सापडण्याची शक्यता दहा हजारांत एक. तिथे दुप्पट पायरी न दिसण्याला काहीच वजन नाही.

मग कमी संभाव्यतेच्या रेकॉर्डिंगचं करायचं काय? उघडे मुक्काम वापरता येतात, कारण त्या वेळी उघडं असलेलं चॅनेल एकच असतं. सलग येणाऱ्या उघडींमधले छोटे बंद मुक्कामही बहुधा एकाच चॅनेलचे असतात. लांबलचक बंद मुक्काम मात्र वापरू नका. त्यात किती चॅनेल गप्प बसली होती ते कुणालाच ठाऊक नाही. ॲगॉनिस्टने, म्हणजे चॅनेलला चिकटून ते उघडवणाऱ्या रेणूने, उघडणाऱ्या चॅनेलसाठी आणखी एक वाट आहे. संहती इतकी वाढवा की बहुतेक चॅनेल डिसेन्सिटाइझ होऊन (ॲगॉनिस्ट असूनही प्रतिसाद देणं थांबवून) निपचित पडतील. त्यातलं एखादं मधूनच जागं होतं, भराभर उघडझाप करतं आणि पुन्हा निपचित होतं. अशा एका झुबक्यात संभाव्यता भरपूर असते, त्यामुळे तिथे चॅनेल एकच असल्याची खातरजमा करता येते. झाकमान, पॅटलक आणि नेहेर यांनी ही युक्ती १९८० सालीच दाखवून दिली होती.

रेझोल्यूशन ठरवा, आणि ते तुम्हीच ठरवा

ही पायरी घाईत उरकू नका. पायरीच्या निम्म्या उंचीवर उंबरठा धरून घटना ओळखायच्या, ही सर्वांत रुळलेली पद्धत. तिच्यात दोन धोके एकमेकांविरुद्ध खेचतात. फिल्टर ढिला ठेवला तर नॉईज आपणहून उंबरठा ओलांडतो आणि खोट्या घटना तयार होतात. घट्ट केला तर खऱ्या छोट्या घटना उंबरठ्यापर्यंत पोचतच नाहीत.

दोन्ही धोके मोजता येतात. खोट्या घटनांचा दर ढोबळमानाने असा: उंबरठ्याला आरएमएस नॉईजने भागा, त्या गुणोत्तराचा वर्ग करा, निम्मा करा, ऋण चिन्ह लावून ई या संख्येच्या घातांकात ठेवा आणि कट-ऑफने गुणा. पायरी ५ पिकोअँपिअर आहे, उंबरठा २.५, कट-ऑफ ३ किलोहर्ट्झ असं धरू. नॉईज ०.५ पिकोअँपिअर असेल तर गुणोत्तर ५ येतं आणि खोट्या घटना दीड मिनिटाला जेमतेम एक. नॉईज ०.८ झाला की गुणोत्तर ३ च्या थोडं वर राहतं आणि खोट्या घटना सेकंदाला वीसच्या पुढे जातात. नॉईज दुप्पटही झालेला नाही, तरी बिनधोक रेकॉर्डिंग निरुपयोगी झालं. गुणोत्तर ५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हा माझ्या मते न मोडण्याचा नियम.

दुसऱ्या बाजूचा हिशेब डेड टाइमचा. गॉसियन फिल्टरमधून जाताना अमुक एका कालावधीपेक्षा छोटी घटना निम्म्या उंचीपर्यंत पोचत नाही. तो कालावधी म्हणजे ०.१७९ भागिले कट-ऑफ. ३ किलोहर्ट्झला साधारण ६० मायक्रोसेकंद, १० किलोहर्ट्झला १८. याहून छोटं जे काही घडलं, ते तुमच्या नोंदीत नाही.

या दोन आकड्यांमध्ये तोल साधून एक रेझोल्यूशन, म्हणजे नोंदीत धरायच्या सर्वांत छोट्या घटनेची लांबी, पक्कं करा. समजा ६० मायक्रोसेकंद. आता ते सगळ्या नोंदीवर सारखंच लावायचं. काही ३० मायक्रोसेकंदांच्या घटना योगायोगाने पकडल्या गेल्या असतील तर त्याही काढून टाकायच्या, कारण तेवढ्याच लांबीच्या कित्येक सुटलेल्या असणार. अर्धवट दिसणाऱ्या घटनांपेक्षा ठरलेल्या रेषेखालच्या पूर्ण गायब घटना कितीतरी बऱ्या. त्यांचा हिशेब नंतर मांडता येतो.

काढून टाकायचं म्हणजे खोडायचं नाही, शेजारच्यात जोडायचं. मिलिसेकंदांत ही नोंद बघा: उघडं १.४०, बंद ०.०४, उघडं ०.९०, बंद ३.२०, उघडं ०.०३, बंद ०.७०. रेझोल्यूशन ०.०६. पहिला बंद मुक्काम रेषेखाली आहे, म्हणून तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या उघडी मिळून एकच उघड होते, २.३४ ची. मग बंद ३.२०, त्यापुढची ०.०३ ची उघड रेषेखाली, म्हणून ३.२०, ०.०३ आणि ०.७० मिळून बंद मुक्काम ३.९३ चा. सहाच्या जागी दोन मुक्काम उरले. यांना ‘दिसणारे मुक्काम’ म्हणायचं, आणि ते खरे मुक्काम नाहीत हे विसरायचं नाही.

नोंदीचं आदर्शीकरण

नॉईजने भरलेल्या रेषेतून ‘इतका वेळ उघडं, इतका वेळ बंद’ अशी यादी काढण्याच्या या कामाला आदर्शीकरण म्हणतात. ते सॉफ्टवेअर करतं, पण डोळे तुमचेच लागतात. उंबरठा पद्धतीत बेसलाइन (चॅनेल बंद असतानाची रेषा) सरकली की उंबरठाही सरकायला हवा. हिडन मार्कोव्ह मॉडेलवर, म्हणजे थेट न दिसणाऱ्या अवस्थांमधली ये-जा संभाव्यतेने मांडणाऱ्या मॉडेलवर, चालणाऱ्या पद्धती जास्त नॉईज सहन करतात. बफेलो विद्यापीठात तयार झालेल्या ‘क्यूब’ या पॅकेजमध्ये तशी सोय आहे. मात्र त्या पद्धतीला आधी एक मॉडेल द्यावं लागतं आणि यादीवर त्या मॉडेलची छाप पडू शकते. सुरुवात उंबरठ्यानेच करा, म्हणजे नेमकं काय होतंय ते कळतं. काढलेली यादी मूळ रेषेवर ठेवून निदान काही पानं तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेखालून घाला. अर्धवट उंचीच्या पातळ्या, ज्यांना सबलेव्हल म्हणतात, त्या इथेच सापडतात. त्या वारंवार येत असतील तर ‘उघडं किंवा बंद’ एवढ्यावर भागणार नाही.

उंचीचं काम त्या मानाने सोपं. फिल्टरच्या राइज टाइमच्या (पायरी चढायला लागणाऱ्या वेळाच्या) दुपटीहून लांब असलेल्या घटनाच उंची मोजायला घ्या, कारण छोट्या घटना पूर्ण उंची गाठत नाहीत. वेगवेगळ्या व्होल्टेजला उंची मोजून आलेख काढा. त्याचा उतार म्हणजे चॅनेलची कंडक्टन्स, प्रवाह वाहू देण्याची क्षमता.

हिस्टोग्राम: लॉग अक्षाला पर्याय नाही

बंद मुक्काम काही दशांश मिलिसेकंदांपासून कित्येक सेकंदांपर्यंत पसरलेले असतात. सरळ अक्षावर ते मावत नाहीत. छोटे घटक पहिल्याच खांबात चिरडले जातात आणि मोठे शेपटीत विरतात. सिगवर्थ आणि साइन यांनी १९८७ साली सुचवलेली मांडणी आज सगळीकडे वापरतात: आडव्या अक्षावर मुक्कामाचा लॉग, उभ्या अक्षावर संख्येचं वर्गमूळ. लॉग अक्षावर घातांकी वितरणाला उंचवटा येतो आणि त्याचं शिखर नेमकं टाऊवर बसतं. तीन घटक असतील तर तीन उंचवटे, किंवा जवळजवळ असल्यास एकमेकांत मिसळलेले खांदे. वर्गमूळ घेतल्यामुळे प्रत्येक खांबाची अनिश्चितता जवळपास सारखी होते, त्यामुळे रेषा कुठे बसत नाही ते डोळ्यांना खरं दिसतं. दर दशकाला आठ-दहा खांब पुरतात.

फिटिंग

हिस्टोग्राम बघण्यासाठी आहे. रेषा बसवायची ती मूळ मुक्कामांवर, मॅक्झिमम लाइकलिहुडने. म्हणजे असे टाऊ आणि अशी प्रमाणं शोधायची की हातात आलेले मुक्काम मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरेल. हे करताना रेझोल्यूशनपेक्षा छोटं काही दिसूच शकत नाही, ही अट वितरणात घालायला विसरू नका.

एकच घटक असेल तर उत्तर कागदावर निघतं: मुक्कामांची सरासरी वजा रेझोल्यूशन. आठवण नसण्याचा गुण इथे कामी येतो, कारण रेषेच्या पुढे उरलेलं वितरण पुन्हा तसंच घातांकी असतं. प्रमाण त्रुटी म्हणजे टाऊ भागिले मुक्कामांच्या संख्येचं वर्गमूळ. १०० मुक्काम असतील तर १० टक्के, ४०० असतील तर ५ टक्के. एकूण मुक्कामांत ज्याचा वाटा फक्त २ टक्के आहे असा घटक नीट मोजायचा असेल तर किती हजार मुक्काम लागतील, हे यावरून तुम्हीच काढा आणि प्रयोगाची लांबी आधीच ठरवा.

घटक दोन की तीन? प्रत्येक जादा घटक दोन नवे आकडे घेऊन येतो, एक टाऊ आणि एक प्रमाण. रूढ कसोटी अशी की लॉग-लाइकलिहुड निदान ३ ने वाढलं तरच जादा घटक धरावा. मी ही कसोटी किमान मर्यादा समजतो. हजारो मुक्काम असले की बेसलाइनचा एखादा हेलकावासुद्धा एवढी वाढ करून देतो. नवा घटक वेगवेगळ्या पॅचेसमध्ये पुन्हा पुन्हा, त्याच जागी येत असेल तरच त्यावर विश्वास ठेवा.

सुटलेल्या घटना काय करतात ते आकड्यांत बघा

डेल कास्तियो आणि कॅट्झ यांनी १९५७ साली मांडलेली यंत्रणा घेऊ: रिकामं बंद चॅनेल, ॲगॉनिस्ट लागलेलं पण अजून बंद, आणि उघडं. उघडं चॅनेल सेकंदाला ५०० दराने मिटतं, म्हणून खरा उघडा मुक्काम २ मिलिसेकंद. मिटल्यावर ते मधल्या अवस्थेत येतं. तिथून ते सेकंदाला १५,००० दराने पुन्हा उघडतं किंवा ५,००० दराने ॲगॉनिस्ट सोडून देतं. मधला मुक्काम १/२०,००० सेकंद, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. सुटण्याआधी ते सरासरी तीनदा पुन्हा उघडतं. म्हणजे एका बर्स्टमध्ये (ॲगॉनिस्ट सुटेपर्यंतच्या सलग उघडझापेत) चार उघडी आणि त्यांच्यामध्ये तीन छोट्या फटी.

आता रेझोल्यूशन ६० मायक्रोसेकंद लावा. ५० मायक्रोसेकंद सरासरी असलेल्या फटींपैकी दहातल्या तीनच दिसतात. तीन फटींच्या जागी सरासरी ०.९ फट. चार उघडींच्या जागी १.९. बर्स्टमधला एकूण उघडा वेळ मात्र तोच, साधारण ८ मिलिसेकंद. म्हणून दिसणारा उघडा मुक्काम ८ भागिले १.९, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. खऱ्याच्या दुपटीहून जास्त, आणि हिस्टोग्राम तरीही देखणा, एकाच उंचवट्याचा.

पुढची गंमत खरी धोक्याची आहे. समजा एका म्युटेशनने पुन्हा उघडण्याचा दर १५,००० वरून ५,००० वर आणला. मिटण्याच्या दराला हातही लावला नाही. आता फटी १०० मायक्रोसेकंदांच्या, बर्स्टला सरासरी एकच, आणि त्यातल्या ५५ टक्के दिसतात. बर्स्टमध्ये खऱ्या उघडी दोन, दिसणाऱ्या १.५५, एकूण उघडा वेळ ४ मिलिसेकंद. दिसणारा उघडा मुक्काम २.६ मिलिसेकंद. ४.२ वरून २.६! कुणीही सहज लिहून मोकळं होईल की म्युटेशनमुळे चॅनेल लवकर मिटतं. मिटण्याचा दर आहे तिथेच आहे. बदललंय ते उघडणं. दोन औषधांची, दोन म्युटेशनांची किंवा दोन प्रयोगशाळांची तुलना करताना दिसणारे मुक्काम शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत, ते याच कारणाने.

उघडं राहण्याची संभाव्यता मात्र या गोंधळातून बरीच वाचते. सुटलेल्या फटींची एकूण लांबी बर्स्टमागे ०.०५ मिलिसेकंदांच्या आसपास, आठ मिलिसेकंदांपुढे नगण्य. म्हणून कुठे शंका आली की आधी संभाव्यतेचा आकडा बघा; तो मुक्कामांपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

सुटलेल्या घटनांची नेमकी दुरुस्ती सोपी नाही. या क्षेत्राचं बरंचसं गणित डेव्हिड कॉहून आणि ॲलन हॉक्स यांनी १९७७ पासून उभं केलं. भूकंप आणि शेअर बाजाराच्या अभ्यासात वापरली जाणारी हॉक्स प्रक्रिया ती याच हॉक्स यांची. दिसणाऱ्या मुक्कामांचं अचूक वितरण हॉक्स, जलाली आणि कॉहून यांनी १९९० ते ९२ च्या दरम्यान दिलं आणि त्यावर आधारलेल्या संगणक प्रोग्रॅमला त्यांच्या आद्याक्षरांवरून एचजेसीफिट हे नाव मिळालं. क्यूबमधली पद्धत अंदाजी दुरुस्ती वापरते आणि ती वेगवान आहे. कोणतीही घ्या, पण रेझोल्यूशनचा आकडा तिला तोच द्या जो तुम्ही नोंदीवर लावलाय.

बर्स्ट कुठे संपतो?

छोटी फट बर्स्टच्या आतली आणि मोठी दोन बर्स्टच्या मधली, तर मधली सीमा कुठे आखायची? रुळलेला नियम असा की दोन्ही बाजूंना चुकीच्या गटात पडणाऱ्या मुक्कामांचं प्रमाण सारखं यावं. छोट्या फटींचा टाऊ ०.०५ मिलिसेकंद आणि मोठ्यांचा १०० असेल तर सीमा साधारण ०.२९ मिलिसेकंदांवर येते आणि दोन्ही बाजूंना हजारी तीनच मुक्काम चुकतात. टाऊ इतके दूर असतील तर सीमा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. ते जवळ आले, समजा पाच-सहा पटींचंच अंतर राहिलं, तर बर्स्टच्या नादी लागू नका. थेट यंत्रणा फिट करा.

यंत्रणा आणि तिची तपासणी

शेवटी हवे असतात ते दर. संभाव्य यंत्रणा मांडा, सगळे दर एका चौकोनी सारणीत भरा, ज्यात कर्णावरचा प्रत्येक आकडा त्या ओळीची बेरीज शून्य करतो, आणि मुक्कामांची पूर्ण मालिका, त्यांच्या क्रमासकट, फिटिंगला द्या. क्रम महत्त्वाचा असतो. लांब उघडीच्या शेजारी छोटे बंद मुक्काम येण्याकडे कल दिसला, तर उघड्या आणि बंद अवस्थांना जोडणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत असं समजतं. सुटे हिस्टोग्राम ही माहिती टाकून देतात.

यंत्रणेत वेटोळं असेल तर दोन्ही दिशांनी फिरताना दरांचा गुणाकार सारखा ठेवा. बाहेरून ऊर्जा न घेणाऱ्या चॅनेलला ही अट पाळावीच लागते. फिटिंग एकाच वेळी अनेक संहतींच्या नोंदींवर करा. कमी संहतीत बर्स्ट स्पष्ट दिसतात, जास्त संहतीत ॲगॉनिस्ट जोडण्याचे दर. एकट्या नोंदीतून सगळे दर निघत नाहीत. सुरुवातीचे अंदाज बदलून फिटिंग पुन्हा चालवा. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं, तर नोंदीत तेवढी माहितीच नाही.

मग मिळालेल्या दरांवरून खोटी नोंद तयार करा. एका मुक्कामासाठी ० ते १ मधली यादृच्छिक संख्या घ्यायची, तिचा नैसर्गिक लॉग काढायचा, ऋण चिन्ह लावायचं, टाऊने गुणायचं; पुढची अवस्था दरांच्या प्रमाणात निवडायची. अशा पायऱ्यांची माळ झाली की तिच्यात तुमच्या पॅचइतकाच नॉईज मिसळा, त्याच फिल्टरमधून गाळा, त्याच उंबरठ्याने यादी काढा, तेच रेझोल्यूशन लावा आणि ते सगळं फिटिंग पुन्हा करा. तुम्ही घातलेले दर परत हाती आले पाहिजेत. जो दर परत येत नाही, तो निबंधात आकडा म्हणून छापू नका. फार तर मर्यादा म्हणून सांगा. आणि प्रत्येक आकड्यासोबत एकत्रित कट-ऑफ, रेझोल्यूशन, मुक्कामांची संख्या आणि पॅचेसची संख्या द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्या नोंदीतून काय सुटलं असेल ते स्वतः काढता येईल.